पॅनिंग (शर्यतीचे छायाचित्रण)

वेगाने जाणाऱ्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत राहून आणि शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) मुद्दाम मंद, म्हणजे जास्त वेळ उघडे ठेवून छायाचित्र टिपण्याची पद्धत. वस्तू रेखीव उमटते, तिच्यामागचे सारे आडवे ओढले जाते आणि स्थिर चित्रात वेग दिसू लागतो. मोटार-शर्यतीत प्रेक्षागारात बसून छायाचित्रे घेणाऱ्यांचे हे मुख्य तंत्र आहे. कोकणात मोटार-शर्यतींचा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. तेथील हौशी छायाचित्रकाराला सरावासाठी सर्वांत जवळची शर्यत म्हणजे पुळणीवरची बैलगाड्यांची. रायगड जिल्ह्यात अलिबाग आणि मुरूड तालुक्यांच्या किनाऱ्यांवर अशा शर्यती होतात. वरवर पाहता या दोन शर्यतींत काही साम्य नाही, पण कॅमेऱ्यामागच्या माणसाला दोन्हीकडे सोडवावे लागणारे गणित एकच असते.

वेग आणि कोन

ताशी ३०० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे ८३ मीटर कापते. छायाचित्रकाराला मात्र या आकड्याशी थेट कर्तव्य नसते. आपल्या नजरेला ती सेकंदाला किती अंश फिरायला लावते, हे त्याला महत्त्वाचे, आणि ते वेगाइतकेच अंतरावर अवलंबून असते. ८३ मीटर अंतरावरच्या प्रेक्षागारासमोरून ही मोटार जाते तेव्हा कॅमेरा सेकंदाला साधारण ५७ अंशांच्या गतीने वळवावा लागतो. आता बैलांची जोडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर धावते असे धरले आणि आपण १० मीटरवर उभे असलो, तर तिथेही नेमकी हीच गती लागते. पुळणीवरचा सराव ट्रॅकवर उपयोगी पडतो तो यामुळे.

ही गती सर्वकाळ सारखी नसते. गाडी अगदी समोर येते तेव्हा ती सर्वांत जास्त असते. समोरच्या रेषेपासून ४५ अंश अलीकडे किंवा पलीकडे असताना ती निम्मीच असते. म्हणून गाडी दूर असतानाच तिला चौकटीत धरायचे, हात हळूहळू वेगात आणायचा आणि शटर दाबल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचा. नवशिके क्लिक होताच थांबतात आणि चित्र तिथेच बिघडते. पाय भावी क्लिकच्या दिशेने रोवून उभे राहावे आणि कमरेतून वळावे. केवळ मनगटे फिरवली तर क्षितिज तिरके होते.

जवळून टिपताना आणखी एक अडचण येते. लांब वस्तूचा पुढचा आणि मागचा भाग डोळ्यापासून वेगवेगळ्या कोनांवर असतो, त्यामुळे दोन्ही भाग एकाच गतीने सरकत नाहीत. १० मीटरवरून बैलांची तोंडे रेखीव आली तर गाडीवान थोडा पुसट येतो. मोठ्या फोकल लांबीच्या, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने दुरून टिपलेली मोटार नाकापासून शेपटापर्यंत सारखी स्पष्ट दिसते. प्रेक्षागार लांब असल्याची तक्रार सगळेच करतात, पण पॅनिंगला ते अंतर मानवते.

शटर किती मंद

१/१००० सेकंदात वरची मोटार सुमारे ८ सेंटिमीटर सरकते. कॅमेरा तिच्याबरोबर फिरत असेल तर एवढ्या वेळात चाके आणि पार्श्वभूमी दोन्ही जवळजवळ गोठतात आणि ताशी ३०० ची मोटार रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते. १/२५० वर हात बसवावा, १/१२५ ला वेग खरा वाटू लागतो आणि १/६० च्या खाली दहांतली बरीच चित्रे टाकून द्यावी लागतात. बैलगाडीला १/६० ते १/३० चांगले. तिथे मोटारीसारखे कडक धड नसते. बैलांची डोकी वरखाली होतात, पाय शरीराच्या उलटसुलट दिशांना जातात. डोळा आणि वशिंड स्पष्ट आले, पाय धुरासारखे विरले, तर चित्र जमले असे मानायला हरकत नाही. सगळेच स्पष्ट हवे असणाऱ्याने पॅनिंगच्या वाटेला जाऊ नये.

कोकणातल्या उन्हात मंद शटर लावणे हेच मोठे काम असते. भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचे माप) ला शटर साधारण १/१०० येते. १/३० हवे असेल तर छिद्र आणखी लहान करावे लागते आणि चित्राची धार बोथट होते. त्यापेक्षा तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) प्रकाश कापणारा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची करडी काच लावावी. पोलरायझर (चकाकी रोखणारा फिल्टर) दीड-दोन स्टॉप कापतो, शिवाय ओल्या वाळूवरची चकाकीही कमी करतो. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर ठेवावा. लेन्समधील स्थिरीकरण पॅनिंगच्या पर्यायावर असावे, नाहीतर काही लेन्सेस मुद्दाम केलेल्या वळणालाच हाताचा थरकाप समजून विरोध करतात.

शटरच्या रचनेचाही परिणाम होतो. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तिग यांच्या १९१० च्या दशकातील मोटार-शर्यतीच्या प्रसिद्ध छायाचित्रात चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि काठावरची माणसे व खांब उलट दिशेला कलले आहेत. त्या कॅमेऱ्यातील शटरची फट चित्र उमटणाऱ्या काचेवरून सरकत जाई, म्हणून चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या क्षणी उमटले. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील संवेदकही (प्रकाश टिपणारी चकती) ओळीओळीने वाचला जातो. त्यामुळे आज पुळणीवर मोबाइल फिरवणाऱ्याच्या चित्रात सुरूची झाडे तिरकी दिसतात, ती त्याच कारणाने.

प्रेक्षागारातून

ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या आणि २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटरसायकलींची शर्यत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक जुना आहे. अशा ठिकाणी तिकीट काढून बसलेल्याचा पहिला शत्रू म्हणजे जाळी. अगदी जाळीशी जाता आले तर मोठे छिद्र ठेवल्यास ती विरून जाते, पण प्रेक्षागारातून ती मध्यावर येते आणि फोकस तिलाच पकडतो. वरच्या रांगा घेतल्या तर नजर जाळीवरून जाते. सरळ पट्ट्यापेक्षा वळणासमोरची जागा बरी, कारण तिथे ब्रेक लागून वेग उतरतो. दुपारी तापलेल्या डांबरावरची हवा लहरते आणि लांबच्या लेन्सने घेतलेले काहीच धारदार येत नाही. त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून शर्यत पाहावी.

पुळणीवरचे पॅनिंग

येथे ट्रॅक ओहोटी आखून देते. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू धावायला चांगली. वरची कोरडी वाळू चाके गिळते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा ठोकताळा म्हणजे तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी साधारण सहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, ओहोटी भर दुपारी. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या दिवसांत पाणी लांबवर ओसरते आणि नेमके तेव्हाच ऊन कलते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पट्टा अरुंद, सूर्य डोक्यावर आणि सावल्या बैलांच्या पोटाखाली. छायाचित्रकाराने कॅलेंडरात रविवार पाहण्याआधी तिथी पाहावी.

किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून संध्याकाळी जमिनीच्या बाजूने टिपताना सूर्य समोर येतो. बैल काळ्या आकृतींसारखे दिसतात, उडालेले पाणी मात्र झळाळते. चित्र देखणे होते, पण त्यात वेग नसतो. पॅनिंगमध्ये आडव्या रेषा स्वतःवरच घसरतात आणि क्षितिज, लाटांची फेसाळ किनार, ओल्या वाळूचा पट्टा या सगळ्या आडव्याच आहेत. कॅमेरा कितीही फिरवा, समुद्र होता तसाच राहतो. वेग दाखवायला उभ्या गोष्टी लागतात: सुरूचे बुंधे, झेंड्यांच्या काठ्या, नांगरलेल्या होड्यांच्या डोलकाठ्या, रंगीत कपड्यांतली गर्दी. प्रेक्षागारासमोरचे जाहिरातींचे फलक आणि पलीकडचे प्रेक्षक मोटारीसाठी हेच काम करतात. म्हणून आयोजकांनी समुद्राच्या बाजूला उभे राहू दिले, तर ती जागा सोडू नये. पाठीशी सूर्य, समोर उजळलेली जोडी आणि मागे सुरूच्या बनाची गडद उभी रेघाटी, इतके सगळे मोटारींच्या ट्रॅकवरही सहसा एकत्र मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलगाड्यांच्या या शर्यती थांबल्या होत्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. प्राण्यांना इजा होऊ न देण्याच्या अटी असल्याने छायाचित्र येथे पुरावाही ठरू शकते; बैलाला टोचणारा किंवा मारणारा हात चौकटीत आला तर तो कापून टाकणे योग्य नव्हे. फ्लॅश वापरू नये, बैल बुजतात. समोरून येणाऱ्या जोडीचे चित्र मोहात पाडते, पण धावेच्या टोकाला उभे राहणे धोक्याचे, कारण जोडी रेषेत थांबेलच असे नाही. मोटारीच्या आणि आपल्यामध्ये भिंत असते, येथे फार तर एक दोरी.

खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलू नये. झूमच्या कड्यात गेलेली वाळू आधी फुंकणीने उडवावी, मगच कडे फिरवावे, आणि घरी परतल्यावर कॅमेऱ्याचे अंग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे.