शक्तिप्रेषणातील आवाजांचे निदान (मागील चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारी)

इंजिन पुढे आणि चालना मागील चाकांना, अशा रचनेच्या मोटारीत क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून शक्ती मागे नेणारा लांब दांडा), डिफरन्शियल (ती शक्ती मागील दोन चाकांत वाटणारी दातेरी चाकांची पेटी), अर्धाक्ष (डिफरन्शियलपासून प्रत्येक चाकापर्यंतचा दांडा) व चाकांची बेअरिंगे यांपैकी कोणत्या भागातून वेगळा आवाज येतो हे ठरवण्याची पद्धत. गुणगुण, घरघर, खडखड, ‘टक्’ असे आवाजांचे वर्णन ऐकणाऱ्यागणिक बदलते. म्हणून तो आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो, शाफ्टच्या, चाकांच्या की केवळ भाराबरोबर, यावर निदान आधारणे अधिक भरवशाचे ठरते. पुण्यातील जुन्या गॅरेजांमधील कारागिरांचे कान ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि पुढे १९९४ साली आलेली टाटा सुमो अशा मागील चाकांच्या गाड्यांवर तयार झाले. ‘क्रॉस गेला’ (शाफ्टच्या टोकाचा, कोनातून शक्ती नेणारा सांधा झिजला), ‘सेंटर बेअरिंग वाजते’ (शाफ्टला मध्यावर आधार देणारे बेअरिंग), ‘क्राउन-पिनियन ओरडतो’ (डिफरन्शियलमधील मोठ्या व लहान दातेरी चाकांची जोडी) ही त्यांची निदाने आजच्या स्पोर्ट्‌स मोटारींनाही बहुतांशी लागू पडतात.

गाडी उभी असतानाच काही शक्यता वगळता येतात. क्लचचे पेडल दाबल्यावर सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) असतो. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या किंवा लेशाफ्टच्या (त्याला समांतर असलेल्या दुय्यम शाफ्टच्या) बेअरिंगकडे निर्देश करतो. चालत्या गाडीत थेट गिअरची (ज्यात इनपुट शाफ्टची फिरत सरळ बाहेरच्या शाफ्टला जाते), म्हणजे बहुधा चौथ्या आणि काही सहा गिअरांच्या पेट्यांत पाचव्या वा सहाव्या गिअरची, कसोटी उपयोगी पडते. या गिअरमध्ये लेशाफ्टवर भार येत नाही. त्यामुळे इतर गिअरांत येणारा आवाज येथे विरला तर दोष गिअरबॉक्समध्ये, आणि तसाच राहिला तर तो गिअरबॉक्सनंतरच्या, म्हणजे शाफ्टपासून चाकांपर्यंतच्या भागांत शोधावा.

प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेल्या क्रॉस जॉइंटच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एकमेकांत बसवलेल्या कड्यांवर वस्तू तोलून धरण्याची युक्ती प्राचीन असून तिचे श्रेय कधी बायझँटियमच्या फिलोला दिले जाते. जेरोलामो कार्दानो याने सोळाव्या शतकाच्या मध्यास अशा टांगणीचे वर्णन केले. तथापि वस्तू तोलणे आणि फिरती शक्ती कोनातून पुढे नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. कास्पर शॉट याने १६६४ मध्ये असा जॉइंट वर्णिला, पण तो दोन्ही बाजूंना सारख्याच वेगाने फिरतो असे त्याने मानले. रॉबर्ट हुक याने त्यानंतरच्या दशकभरात हे गृहीत चुकीचे असल्याचे ओळखले आणि १६७६ मध्ये या जॉइंटचे वर्णन प्रसिद्ध केले. झाँ-व्हिक्टर पाँसले याने १८२४ मध्ये गोलीय त्रिकोणमितीने त्याची मांडणी केली. निदानाच्या दृष्टीने हुकला अग्रक्रम देणे रास्त वाटते, कारण जॉइंटच्या कंपनाचे मूळ कारण त्याने ओळखले. दोन शाफ्टांमधील कोन १० अंश असेल तर एकसमान वेगाने फिरणाऱ्या शाफ्टपुढचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का पुढे व तितकाच मागे पडतो. दोन्ही टोकांचे कोन समान आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही फोर्क (क्रॉस धरणारी दुशाखी टोके) एकाच पातळीत असतील तर ही विषमता परस्परांत नाहीशी होते. दुरुस्तीनंतर सरकती स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग जोडणारी दातेरी जोडणी) एका दाताने जरी हुकली तरी ही विषमता परत येते, म्हणून शाफ्ट सोडवण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करणे अत्यावश्यक आहे. क्रॉसची सुईबेअरिंगे झिजल्यास ॲक्सिलरेटर सोडताना व दाबताना ‘टक्’ असा आवाज येतो. परंतु तसाच आवाज डिफरन्शियलच्या झिजलेल्या रबरी बुशमधून किंवा दातांमधील वाढलेल्या फटीतूनही येतो, त्यामुळे शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून प्ले (सैलपणा) नेमका कोठे आहे हे पाहिल्याशिवाय सुटे भाग आणण्यासाठी नाना पेठ गाठू नये.

आकडेमोडीने पुष्कळ उलगडा होतो. चाकाचा परिघ २ मीटर धरल्यास ताशी ७२ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला १० फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण ४.१ असेल तर शाफ्ट ४१ फेरे फिरतो, क्रॉसचा दोष सेकंदाला ८२ कंपनांच्या रूपाने आसनात जाणवतो, आणि १० दातांच्या पिनियनचा सूर ४१० कंपनांचा असतो. थेट गिअरमध्ये इंजिनही ४१ फेऱ्यांनीच फिरत असल्याने शाफ्टचा असमतोल व इंजिनाचा असमतोल वेगळे ओळखता येत नाहीत. त्याच वेगाला गिअर बदलल्यास फरक कळतो.

पिनियनचा सूर भाराप्रमाणे बदलतो. दिवे घाटाच्या चढावर दातांची चालक बाजू भार घेते, तर उतारावर गाडी गिअरमध्ये असताना विरुद्ध बाजू. दोन दिशांपैकी एकीकडेच येणारा सूर दातांचा संपर्क बिघडल्याचे सुचवतो, तर दोन्हीकडे सारखी घरघर येत असल्यास पिनियनच्या बेअरिंगांचा संशय बळावतो. न्यूट्रलमध्ये टाकून कसोटी घ्यायची असल्यास ती सपाट, रिकाम्या रस्त्यावर घ्यावी आणि इंजिन कधीही बंद करू नये, कारण ब्रेकची व स्टिअरिंगची मदत जाते. क्राउन व पिनियन जोडीनेच घासून जुळवलेले असल्याने ते जोडीनेच बदलावे लागतात.

चाकाच्या बेअरिंगचा आवाज वळणावर उघड होतो. उजव्या वळणात भार डाव्या चाकावर जातो, त्यामुळे तेव्हा आवाज वाढल्यास डावे बेअरिंग आधी तपासावे. टायरचा आवाज मात्र रस्त्याबरोबर बदलतो. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर ऐकू येणारी घरघर डांबरी रस्त्यावर गेल्यावर कमी झाली तर डिफरन्शियल उघडण्याचे कारण उरत नाही.

काही स्पोर्ट्‌स मोटारींची रचना या नियमांना अपवाद ठरते. मागील चाकांवर चालणाऱ्या पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागेच असल्याने प्रॉपेलर शाफ्ट नसतो. पोर्शे ९२४, ९२८ व ९४४ मध्ये क्लच पुढे व गिअरबॉक्स मागे असून शाफ्ट एका नळीत बेअरिंगांवर फिरतो. क्लच जुळलेला असताना तो इंजिनाच्याच वेगाने फिरत असल्यामुळे गाडी उभी असतानाही त्याची बेअरिंगे वाजू शकतात. माझ्दा एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स व डिफरन्शियल एका धातूच्या चौकटीने जोडलेले असतात, त्यामुळे मागचा सूर गिअरच्या दांड्याजवळ ऐकू येण्याचा संभव असतो.

आवाजाचे स्थान निश्चित करण्यासाठी गाडी लिफ्टवर घेऊन स्टेथोस्कोप लावतात किंवा भागांना छोटे मायक्रोफोन चिकटवून ती चालवतात. कोथरूडच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत ध्वनी व कंपन यांच्या मापनाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. गॅरेजपुरता तेल काढून पाहणे हाच स्वस्त पुरावा असतो: चुंबकी ड्रेन प्लगवरील बारीक राखाडी लेप सामान्य मानला जातो, पण दाताचे तुकडे किंवा चकचकीत कपच्या आढळल्यास गाडी चालवू नये. घर्षण-चकत्यांच्या मर्यादित-घसर डिफरन्शियलमध्ये (जे दोन चाकांच्या वेगांतील फरकाला आवर घालते) पार्किंगच्या आखूड वळणावर येणारी थरथर व कटकट बहुधा तेलातील घर्षण-सुधारक कमी पडल्याने येते. तो घालून किंवा योग्य तेल भरून, काही आखूड वळणे दोन्ही बाजूंना घेतल्यावर ती बऱ्याचदा नाहीशी होते.