भोगीपासून मागे मोजा: सोलापूरच्या हिवाळ्यातील परसबाग

थंड प्रदेशांत हिवाळ्यात जमीन गोठते, त्यामुळे तेथील बागकामात हा काळ विश्रांतीचा मानला जातो. सोलापुरात झाडांची खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये, पारा ४० अंशांच्या पुढे गेल्यावर लागते. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे चार महिने मात्र घरच्या बागेचा सर्वोत्तम हंगाम असतात आणि तो वाया घालवणे मला फार मोठे नुकसान वाटते.

या हंगामाचे बळ रात्रीच्या गारव्यात आहे. वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात साखर तयार करतात आणि तिचा काही भाग रात्रंदिवस श्वसनात खर्च करतात. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. डिसेंबर-जानेवारीत येथे दुपारी तापमान ३० अंशांच्या आसपास असते आणि पहाटे ते १५ अंशांच्या आसपास उतरते, म्हणून दिवसाची कमाई भरपूर आणि रात्रीचा खर्च कमी, असा हिशेब जमतो. उरलेली साखर गाजराच्या मुळात आणि वाटाण्याच्या दाण्यात साठते. टोमॅटोचेही तसेच आहे. रात्री फार उष्ण झाल्या की त्याचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले गळतात. हिवाळ्यात मात्र तीच जात घोसांनी लगडते.

कुंड्या कोठे ठेवायच्या, हे सूर्याच्या उंचीवरून ठरवावे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो. गच्चीच्या दक्षिणेकडील तीन फुटी कठड्याची सावली तेव्हा दुपारी अडीच फुटांहून थोडी अधिक आत येते आणि सकाळ-संध्याकाळ ती आणखी लांबते. जूनमध्ये लख्ख उन्हात असलेली जागा डिसेंबरमध्ये सावलीत जाते, ती यामुळेच. टोमॅटो, वांगी आणि फ्लॉवर यांना निदान सहा तास ऊन हवे, म्हणून ती गच्चीच्या उत्तर भागात ठेवावीत. कठड्यालगतच्या अर्ध्या सावलीत पालक आणि कोथिंबीर समाधानाने वाढतात.

शेवंतीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, अनेक वनस्पतींचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वर या तणावर प्रयोग करून त्यातील खरी मेख शोधली: वनस्पतीला अखंड अंधाराची लांबी महत्त्वाची असते आणि लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ प्रकाश पडला तरी फुलण्याची क्रिया थांबते. शेवंतीही लांब रात्रीची वाट पाहणारी आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडणाऱ्या बाल्कनीत शेवंतीला पाने भरपूर येतात, पण कळ्या उशिरा धरतात किंवा धरतच नाहीत. अशा वेळी खते बदलत बसण्यापेक्षा कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवावी.

पेरणीच्या नियोजनासाठी मला भोगीचा दिवस सर्वांत सोयीचा वाटतो. जानेवारीच्या मध्यावर येणाऱ्या या सणाच्या भाजीत गाजर, वाटाणा, वांगी आणि हरभऱ्याचे हिरवे दाणे लागतात, तेव्हा तेथून मागे मोजत यावे. गाजराला सुमारे तीन महिने लागतात, म्हणजे त्याचे बी ऑक्टोबरच्या मध्यावर, थेट खोल कुंडीत पडले पाहिजे. रोप उपटून लावले तर मूळ दुभंगते. वाटाण्याला साधारण सत्तर दिवस पुरतात, म्हणून तो नोव्हेंबरच्या आरंभी पेरला तरी चालतो. हरभरा ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत पेरावा आणि वीतभर वाढल्यावर त्याचे शेंडे खुडावेत. शेंड्यात तयार होणारे संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांद्या फुटण्याच्या जागांना, दाबून ठेवत असते. शेंडा गेला की बाजूच्या फांद्या फुटतात, घाटे वाढतात आणि खुडलेल्या कोवळ्या पाल्याची आंबटसर भाजी वेगळीच. मेथी महिनाभरात काढणीला येते, म्हणून ती एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. करडईचा पालाही कुंडीत सहज होतो, मात्र ढगाळ हवा आली की त्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आहे का, ते पानांच्या मागे रोज पाहावे.

आपली काळी माती शेतात मोठी गुणाची आहे. बेसाल्ट खडक झिजून बनलेल्या या मातीतील चिकणकण पाणी धरून ठेवतात आणि त्या साठलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी पिकते. कुंडीत मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो: पाणी दिल्यावर माती फुगून हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि वाळल्यावर ती कडेने भेगाळते. म्हणून कुंडीत काळी माती एक तृतीयांशाहून अधिक नसावी. उरलेल्या भागात शेणखत किंवा कंपोस्ट आणि बारीक मुरूम मिसळावा. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सर्रास आढळते, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एक खापरी पुरे.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी कंपोस्ट वाढवावे आणि चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी करावी.

पाणी सकाळीच, मातीत बोट घालून ओल तपासूनच द्यावे. थंडीत बाष्पीभवन कमी असते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सवयीने दिलेले रोजचे पाणी मुळे कुजवते. वाटाण्यावर आणि गुलाबावर पांढरी भुरी (पिठासारखी दिसणारी बुरशी) दिसताच रोगट पाने काढून झाडे विरळ करावीत, म्हणजे हवा खेळती राहते.

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणारी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सरत आली की ऊन चढू लागते. जानेवारीच्या अखेरीनंतर पेरलेली कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून मोकळ्या झालेल्या कुंड्यांत भेंडी, गवार आणि दोडका लावावा. जुन्या कोथिंबिरीची दोन-चार झाडे मात्र उपटू नयेत. तिच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या दोडक्याच्या परागीभवनालाही उपयोगी पडतील आणि वाळलेले धने पुढच्या ऑक्टोबरमध्ये पेरता येतील.