प्राणी बचाव संस्थेसाठी १२ए आणि ८०जी नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि हिशेब

जखमी व बेवारस प्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला आयकर कायद्याखाली दोन स्वतंत्र नोंदण्या घ्याव्या लागतात. १२ए नोंदणीमुळे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, तर ८०जी नोंदणीमुळे जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला, ठरलेल्या मर्यादेत, देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट घेता येते. आयकर कायदा, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. व्यवहारात जुनीच नावे रूढ असली, तरी अर्ज भरताना ई-फायलिंग पोर्टलवरील चालू क्रमांकच पाहावा.

संस्था न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेली असावी. महाराष्ट्रातील न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार होते. उद्दिष्टांत प्राण्यांचा बचाव, उपचार व पुनर्वसन यांचा स्पष्ट उल्लेख हवा. संस्था विसर्जित झाल्यास उरलेली मालमत्ता समान उद्दिष्टाच्या संस्थेकडेच जाईल, असे कलमही हवे.

प्राणिकल्याणाचे काम साधारणतः ‘सार्वजनिक उपयुक्ततेचे अन्य उद्दिष्ट’ या गटात धरले जाते आणि त्यातून एक महत्त्वाची मर्यादा येते. खर्च भागवण्यासाठी संस्थेने पाळीव प्राणी शुल्क घेऊन सांभाळायला सुरुवात केली आणि अशा व्यावसायिक स्वरूपाच्या कामांतून आलेली रक्कम वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षाची करसवलत हातची जाऊ शकते. त्यामुळे अशा शुल्काचे खाते वेगळे ठेवून दर महिन्याला त्याचे प्रमाण तपासावे, हे मी आग्रहाने सांगेन.

काम सुरू होण्याआधी अर्ज केल्यास तीन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी मिळते. ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागतो. न्यासपत्र किंवा घटना, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, विश्वस्तांचा तपशील, उपलब्ध वर्षांचे, जास्तीत जास्त तीन वर्षांचे, हिशेब आणि कामाचा अहवाल ही मुख्य कागदपत्रे होत.

खरी कसोटी लागते ती आयकर आयुक्त (सूट) यांच्या कार्यालयाकडून खर्चाचे पुरावे मागितले जातात तेव्हा. मागचा पाय मोडलेला कुत्रा रात्री उचलून दवाखान्यात नेणारा स्वयंसेवक स्वतःच्या मोबाइलवरून यूपीआयने पैसे देतो आणि बिलही त्याच्याच नावावर निघते. त्या घाईत दुसरे काही सुचणे अवघड असते, हे अगदी मान्य. तरीही असे बिल संस्थेचा खर्च म्हणून सिद्ध करताना फार ओढाताण होते. म्हणून बिल संस्थेच्या नावाने घ्यावे, त्यावर आवक नोंदवहीतील त्या प्राण्याचा क्रमांक लिहावा आणि स्वयंसेवकाचे पैसे संस्थेच्या बँक खात्यातूनच परत करावेत. देणग्यांसाठी विश्वस्ताच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड वापरणे तर पूर्णपणे टाळावे.

दानपेटीतील निनावी रकमेलाही मर्यादा आहे. अशी रक्कम १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल त्यापलीकडे गेली, तर वरच्या भागावर ३० टक्के दराने कर लागतो.

८०जी मिळाल्यानंतर दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांचे विवरणपत्र भरून पोर्टलवरून तयार होणारे प्रमाणपत्र प्रत्येकाला द्यावे लागते. त्यासाठी नाव, पत्ता आणि पॅन देणगी स्वीकारतानाच लिहून घ्यावेत, कारण मार्च उलटल्यावर ते गोळा करणे जिकिरीचे ठरते. रोख स्वरूपात २,००० रुपयांपेक्षा अधिक दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नाही. खाद्याची पोती, औषधे, पिंजरे अशा वस्तुरूप देणगीचीही साठा नोंदवहीत नोंद करावी आणि आभारपत्र जरूर द्यावे. मात्र तिच्यावर वजावट मिळत नसल्याचे देणगीदाराला वस्तू स्वीकारण्यापूर्वीच सांगावे.