अलोकेटर आणि ग्राफिक्स हार्डवेअरला प्रोग्रामिंग भाषेतून मिळणारा आधार

प्रोग्राम चालू असताना त्याला लागणारी मेमरी कोठून घ्यावी, केवढ्या तुकड्यांत घ्यावी आणि केव्हा परत करावी हे ठरवणाऱ्या घटकाला अलोकेटर म्हणतात. बहुतेक भाषांमध्ये तो भाषेबरोबरच तयार मिळतो आणि प्रोग्रामरला त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. काही भाषा मात्र तो बदलण्याची, किंवा एकाच प्रोग्रामच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे अलोकेटर देण्याची मुभा देतात. ग्राफिक्स हार्डवेअरचा आधार, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसर (जीपीयू) आणि त्याची स्वतःची मेमरी भाषेतून वापरता येणे, हा वरवर स्वतंत्र विषय वाटतो. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हातातला पत्ता नेमक्या कोणत्या मेमरीतला आहे आणि ती मोकळी करण्याचा अधिकार कोणाकडे आहे. या कारणाने येथे दोन्हींचा विचार एकत्र केला आहे, आणि उदाहरणे बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील वाचकाच्या परिचयाची घेतली आहेत.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच असल्यामुळे या भागातील अभियांत्रिकीच्या मराठी विद्यार्थ्याची वाट बहुधा त्याच्या अभ्यासक्रमातून जाते. तेथे त्याला आधी सी भाषा आणि तिच्यातील मॅलॉक (मेमरी मागणारे) व फ्री (ती परत करणारे) ही दोन फंक्शने भेटतात. पुढे संगणकशास्त्र शाखेच्या सहाव्या सत्रात अनेक वर्षे ओपनजीएल या चित्रे काढण्याच्या फंक्शन-संग्रहावर आधारित संगणक आलेखनाची प्रयोगशाळा असे. त्या प्रयोगशाळेत त्रिकोणाचे शिरोबिंदू एकेक करून फंक्शनला द्यायचे आणि चित्र पडद्यावर उमटले की जर्नल पुरे करायचे, अशी रीत होती. ते शिरोबिंदू कोणत्या मेमरीत गेले, हे ग्राफिक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) परस्पर पाहून घेई. म्हणजे मेमरी एका विषयात आणि ग्राफिक्स दुसऱ्या विषयात शिकून झाले, तरी त्यांची गाठ कोठे पडते हे विद्यार्थ्याला कळण्याचा प्रसंग येत नसे. हा दोष एका विद्यापीठाचा नाही. जुन्या ओपनजीएलची घडणच तशी होती.

मॅलॉक हे सर्वांसाठी एकच असे साधन आहे. कोणताही आकार, कोणत्याही क्रमाने मागणी, कोणत्याही क्रमाने परतावा, आणि तेही एकाच वेळी अनेक थ्रेडकडून (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांकडून), हे सारे त्याला सांभाळावे लागते. साहजिकच त्याला मोकळ्या तुकड्यांच्या याद्या ठेवाव्या लागतात, प्रत्येक तुकड्याचा आकार कोठेतरी नोंदवावा लागतो आणि कालांतराने मेमरीत लहान लहान पोकळ्या उरतात. यावरचे उपाय जुने आहेत. दोनाच्या घातांच्या आकारात मेमरी दुभागत नेणारी ‘बडी’ पद्धत केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये मांडली, तर एकाच आकाराच्या वस्तूंसाठी आधीच तयार फळ्या ठेवणारा ‘स्लॅब’ अलोकेटर जेफ बॉनविक यांनी सोलॅरिस या कार्यप्रणालीसाठी रचून १९९४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

स्वतंत्र अलोकेटरांपैकी सर्वांत उपयोगी आणि कल्पनेने सर्वांत सोपा प्रकार म्हणजे अरीना. मोठा सलग तुकडा एकदाच घ्यायचा, मागणी येईल तसा एक पॉइंटर (मेमरीचा पत्ता ठेवणारी खूण) पुढे सरकवत जायचा, आणि काम संपले की तो पॉइंटर पुन्हा आरंभी आणायचा. एकेक वस्तू परत करण्याचा प्रश्नच उरत नाही. पंगत उठल्यावर पत्रावळी एकदम गोळा कराव्यात तसे सगळे एकाच वेळी मोकळे होते. सेकंदाला ६० चित्रे काढणाऱ्या खेळात प्रत्येक चित्रापुरती लागणारी तात्पुरती माहिती, किंवा सर्व्हरवर एका विनंतीपुरती लागणारी माहिती, यांचे आयुष्य एकत्र सुरू होते व एकत्रच संपते, म्हणून तेथे अरीना अचूक बसते. आयुष्ये एकमेकांत गुंतलेली असतील तर मात्र ती मेमरी अडवून बसते. तेथे तिचा हट्ट धरू नये.

भाषांनी ही मुभा कशी दिली, याचा इतिहास बोधप्रद आहे. सी भाषेत कोणीही स्वतःचा अलोकेटर लिहू शकतो, पण दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी आत मॅलॉक वापरत असेल तर त्याचा उपयोग होत नाही. सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीत अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांच्या रचनेमुळे अलोकेटरला जागा मिळाली. त्यामागचा मूळ हेतू वेगाचा नव्हता. त्या काळच्या १६ बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर ‘जवळचे’ आणि ‘लांबचे’ असे दोन प्रकारचे पॉइंटर असत आणि कंटेनरला (अनेक वस्तू साठवणाऱ्या रचनेला) त्या भेदापासून अलिप्त ठेवायचे होते. पत्त्यांचे एकाहून अधिक प्रकार असू शकतात, ही जाण म्हणजे तेव्हापासूनचीच, आणि जीपीयूच्या निमित्ताने ती नंतर पुन्हा उपयोगी पडली. या रचनेत अलोकेटर हा टाइपचाच (माहितीच्या प्रकाराचाच) भाग झाला, त्यामुळे अलोकेटर निराळा असलेले दोन व्हेक्टर (वाढत्या याद्या) निराळ्या टाइपचे ठरू लागले आणि एकासाठी लिहिलेले फंक्शन दुसऱ्याला चालेना. सी प्लस प्लसच्या २०१७ मधील प्रमाणित आवृत्तीत बहुरूपी अलोकेटर (टाइप तोच ठेवून बदलता येणारे) आणून ही अडचण बऱ्याच अंशी दूर करण्यात आली. रस्टमध्ये संपूर्ण प्रोग्रामसाठी एक अलोकेटर निवडण्याची सोय २०१८ मध्ये स्थिर झाली. प्रत्येक कंटेनरला वेगळा अलोकेटर देण्याची सोय त्यानंतरही दीर्घकाळ प्रायोगिक अवस्थेतच राहिली.

अँड्र्यू केली यांच्या झिग भाषेने याच्या उलट टोक गाठले. तेथे गृहीत असा अलोकेटर नाहीच. प्रमाणित लायब्ररीतील ज्या फंक्शनला मेमरी लागते त्याला अलोकेटर उघडपणे द्यावा लागतो, आणि त्यामुळे कोणते फंक्शन मेमरी घेते हे नुसती त्याची सही (नाव आणि त्याला द्यायच्या मूल्यांची यादी) पाहून कळते. चाचणीसाठी असलेला अलोकेटर परत न केलेली मेमरी पकडून चाचणी नापास करतो. बिल हॉल यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ओडिन भाषेत मधला मार्ग आहे. प्रत्येक नेहमीच्या फंक्शनला ‘कॉन्टेक्स्ट’ नावाची एक रचना न सांगता पोहोचते, तिच्यात एक मुख्य आणि एक तात्पुरता असे दोन अलोकेटर असतात. एखाद्या ब्लॉकमध्ये कॉन्टेक्स्टमधील अलोकेटर बदलला की त्या ब्लॉकमधून बोलावलेली सर्व फंक्शने, ती दुसऱ्या कोणाच्या लायब्ररीतली असली तरी, नवा अलोकेटर वापरू लागतात. झिगची पद्धत वाचणाऱ्याला अधिक प्रामाणिक वाटते आणि ओडिनची लिहिणाऱ्याला अधिक सोयीची, असे म्हणता येईल. परक्या लायब्ररीला आपल्या मेमरीच्या शिस्तीत आणायचे असेल तर मात्र ओडिनची पद्धत सरस ठरते.

ग्राफिक्सच्या बाबतीत ओडिनने आणखी एक पाऊल टाकले आहे. ओपनजीएल, व्हल्कन, डायरेक्ट थ्रीडी आणि मेटल या ग्राफिक्सच्या फंक्शन-संग्रहांशी जोडणारी पॅकेजे कंपायलरबरोबरच मिळतात. लहान अ‍ॅरेंवर थेट बेरीज-गुणाकार करता येतो, आणि मॅट्रिक्स हा भाषेतलाच टाइप आहे. त्यात जास्तीत जास्त १६ घटक मावतात आणि ते सहसा स्तंभांच्या क्रमाने साठवले जातात. हा क्रम बिनमहत्त्वाचा नाही. ओपनजीएलच्या शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) लिहिण्याच्या भाषेतही स्तंभक्रमच गृहीत असतो, म्हणून मॅट्रिक्स आडवीउभी न फिरवता तशीच कार्डाकडे पाठवता येते.

अशा तपशिलांत ग्राफिक्स हार्डवेअरचा खरा त्रास दडलेला असतो. शेडरच्या ‘एसटीडी १४०’ या मांडणीत तीन दशांश संख्यांचा व्हेक्टर १६ बाइटांच्या सीमेवर सुरू व्हावा लागतो, तर सी भाषेत तशाच तीन संख्यांची रचना १२ बाइटांत संपते. त्यांचा अ‍ॅरे जसाच्या तसा पाठवला तर दुसऱ्या घटकापासून सगळे आकडे सरकतात आणि पडद्यावर काहीतरी वेडेवाकडे दिसते. त्रुटीचा संदेश येईलच असे नाही. म्हणून रचनेची सीमा ठरवण्याचा अधिकार भाषेने प्रोग्रामरला द्यावा लागतो.

कार्डाची मेमरी दूर असते, हे समजण्यासाठी बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीचे उदाहरण घ्यावे. ओतलेला धातू साच्यात कसा थंड होतो आणि श्रिंकेजची (धातू आकसल्याने होणारी) पोकळी कोठे राहील, हे आधी गणिताने पाहता येते. ४० सेंटिमीटर बाजूच्या घनाकार साच्याचे १ मिलिमीटरचे कप्पे पाडले तर ६ कोटी ४० लाख कप्पे होतात. प्रत्येक कप्प्याचे तापमान ४ बाइटांत ठेवले तर एका प्रतीला २५६ मेगाबाइट लागतात, आणि जुने व नवे अशा दोन प्रतींना ५१२. मुख्य मेमरी आणि कार्ड यांच्यात वाहतूक करणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या १६ पदरी जोडणीतून सेकंदाला एका दिशेने सुमारे १६ गीगाबाइट जाऊ शकतात, म्हणजे एक प्रत नेण्यास १६ आणि आणण्यास १६ मिलिसेकंद. ज्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४०० गीगाबाइट देते, त्यावर एका टप्प्याचे वाचन-लेखन सव्वा ते दीड मिलिसेकंदात होते. दर टप्प्याला माहिती ने-आण करणारा प्रोग्राम आपला बहुतेक वेळ वाहतुकीतच घालवतो. दोन्ही प्रती कार्डावरच ठेवून शेकडो टप्पे तेथेच करायचे आणि निष्कर्ष तेवढा परत आणायचा, हा यावरचा उपाय, आणि तो अमलात आणण्यासाठी प्रोग्रामला आपली कोणती मेमरी कोठे आहे हे ठाऊक असावे लागते.

मांडणीचाही प्रश्न येथे येतो. कप्प्याचे तापमान, घनभाग (धातू किती अंशी घट्ट झाला), पदार्थाचा क्रमांक आणि उष्णतावहन एका १६ बाइटांच्या रचनेत ठेवणे माणसाला स्वाभाविक वाटते. पण एनव्हिडियाच्या जीपीयूवर ३२ थ्रेड एकत्र चालतात. त्यांनी प्रत्येकी एक तापमान मागितले तर हवे असलेले १२८ बाइट ५१२ बाइटांच्या पट्ट्यात विखुरलेले मिळतात. तापमानांचा वेगळा, घनभागांचा वेगळा असे अ‍ॅरे केले तर तेच १२८ बाइट सलग येतात. ओडिनमध्ये टाइपपुढे एक खूण लिहून आणि झिगमध्ये एका तयार कंटेनरने ही मांडणी मिळते. गणिताचा बाकीचा कोड जवळपास तसाच राहतो.

एनव्हिडियाची कुडा ही जीपीयूवर गणिते चालवण्याची प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध झाली, तेव्हा तिने सी भाषेत व्हेरिएबल कोणत्या मेमरीत राहील हे सांगणारे शब्द आणले. ओपनसीएल या तशाच दुसऱ्या प्रणालीनेही ग्लोबल, लोकल, कॉन्स्टंट आणि प्रायव्हेट असे चार पत्ताविभाग भाषेतच घातले. २०१४ मधील कुडाच्या सहाव्या आवृत्तीने दोन्हीकडे चालणारा एकच पॉइंटर देऊ केला आणि मेमरीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) इकडून तिकडे हलवण्याचे काम ड्रायव्हरवर सोपवले. शिकताना हे सोयीचे आहे, पण वाहतूक त्याने संपत नाही, केवळ नजरेआड होते. जीपीयूवर चालणाऱ्या कोडमधूनही मॅलॉक बोलावता येतो. त्याच्यासाठी राखलेला साठा मुळात अवघा ८ मेगाबाइटांचा असतो, आणि यावरूनच तो किती जपून वापरावा असे निर्मात्यांना वाटते याचा अंदाज येतो. कार्डावरील मेमरी मागणे व परत करणे मंद असते, शिवाय परत करताना चालू कामे संपेपर्यंत थांबावे लागू शकते. पायटॉर्च ही मशीन लर्निंगची लायब्ररी एकदा घेतलेले तुकडे स्वतःजवळच का राखून ठेवते, याचे कारण हेच.

२०१६ मध्ये आलेल्या व्हल्कनने पडदा पूर्णच दूर केला. प्रोग्रामरला कार्डावरील साठे आणि त्यांचे गुणधर्म पाहून स्वतः निवड करावी लागते, आणि एकाच वेळी किती वाटपे जिवंत राहू शकतात याची हमी केवळ ४,०९६ इतकीच आहे. मोठ्या दृश्यात वस्तू त्याहून सहज जास्त होतात, त्यामुळे मोठे तुकडे घेऊन त्यांत आपणच पोटवाटप करावे लागते. म्हणजे अलोकेटर लिहिणे, किंवा एएमडीने दिलेली तशी लायब्ररी वापरणे, अटळ होते. व्हल्कनच्या बहुतेक निर्मिती-फंक्शनांना स्वतःच्या अलोकेटरची फंक्शने देता येतात, पण ती ड्रायव्हरला मुख्य मेमरीत लागणाऱ्या जागेपुरतीच असतात. कार्डावरील मेमरीशी त्यांचा संबंध नाही, आणि नवशिके येथे हमखास गोंधळतात.

अरीनाही येथे थोडी बदलते. प्रोसेसरने काम सोपवले तरी जीपीयू ते नंतर करतो, म्हणून चित्र ‘संपले’ असे कोडला वाटले तरी कार्ड ती मेमरी अजून वाचत असू शकते. त्यासाठी एकाऐवजी दोन किंवा तीन अरीना आळीपाळीने वापरतात, आणि फेन्स नावाच्या खुणेने जीपीयूचे काम झाल्याची खात्री झाल्यावरच त्यांतील जुनी रिकामी करतात.

कचरा-संकलन करणाऱ्या, म्हणजे न लागणारी मेमरी आपोआप शोधून मोकळी करणाऱ्या, भाषांची अडचण वेगळी आहे. जावाचा संकलक वस्तू हलवू शकतो, म्हणून जीपीयूला द्यायची माहिती हीपबाहेरच्या (संकलकाच्या ताब्याबाहेरच्या) बफरमध्ये ठेवतात. ज्युलियात जीपीयूवरील प्रचंड अ‍ॅरेचा मुख्य मेमरीतील प्रतिनिधी इवलासा असतो. संकलकाला तेवढाच दिसतो आणि कार्ड भरत आले तरी तो निवांत राहू शकतो. म्हणून कुडासाठीच्या तिच्या पॅकेजमध्ये अ‍ॅरे हाताने मोकळा करण्याचे फंक्शन दिले आहे, आणि ते धोक्याचे आहे हे त्याच्या नावातच लिहिले आहे.

विद्यार्थ्यांच्या साध्या लॅपटॉपमध्ये बहुधा वेगळे कार्ड नसते. जीपीयू प्रोसेसरच्याच चिपवर असतो आणि मुख्य रॅम वापरतो. तेथे व्हल्कन एकच साठा ‘कार्डाचा’ आणि ‘प्रोसेसरला दिसणारा’ अशा दोन्ही गुणांनी दाखवू शकतो, आणि फाउंड्रीच्या उदाहरणातील ३२ मिलिसेकंदांची वाहतूक टाळता येते. मात्र रॅमची गती दोघांत वाटली जाते, त्यामुळे ४०० गीगाबाइटांचा हिशेबही तेथे लागू पडत नाही. अशा यंत्रावर जलद ठरलेला प्रोग्राम वेगळे कार्ड असलेल्या यंत्रावर तितकाच जलद राहील असे मानता येत नाही, आणि याच्या उलटही तेच. वाटपाचा निर्णय एका ठिकाणी, अलोकेटरमध्ये, ठेवलेला असेल तर बदल तेवढ्याच भागात करावा लागतो.