हॉस्टेलमध्ये काम करून परदेश फिरायचंय? मग वर्किंग हॉलिडे आणि ‘कामाच्या बदल्यात बेड’ यात गल्लत करू नका

ठाण्यात, ऐरोलीत, नेरूळला सध्या ज्या कोणा विशी-पंचविशीतल्या मुलाशी बोलावं त्याच्या डोक्यात हा प्लॅन असतोच, की कायमच्या नोकरीला लागायच्या आधी वर्षभर बॅकपॅक घेऊन बाहेर जायचं, हॉस्टेलमध्ये (म्हणजे प्रवाशांच्या स्वस्त मुक्कामाच्या जागेत) राहायचं, तिथेच काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी फिरायचं. प्लॅन भारी आहे आणि जमत असेल तर नक्की जा असंच मी सगळ्यांना सांगते. पण हे करायचे रस्ते दोन आहेत, रील्समध्ये दोन्ही एकसारखेच दिसतात, आणि कायद्याच्या नजरेत मात्र त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही.

पहिला रस्ता वर्किंग हॉलिडेचा. यात तो देशच तुम्हाला व्हिसा देतो, की ये, फिर, आणि खर्च निघावा म्हणून पगारावर काम कर. आपल्यासाठी सध्या मोठं नाव म्हणजे ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास ४६२. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराच्या वेळी हे ठरलं, करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि आपल्यासाठी पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडली. दुसरा रस्ता वर्क एक्स्चेंजचा, ज्याला सगळे व्हॉलंटियरिंग म्हणतात. वर्कअवे, वर्ल्डपॅकर्ससारख्या साइटवर वर्षाची फी भरायची, हॉस्टेल शोधायचं, आठवड्याला वीस-पंचवीस तास काम करायचं आणि बदल्यात डॉर्ममधला, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतला बेड, कुठे सकाळचा नाश्ता. पगार नाही. आणि लोक हे बहुतेक वेळा टुरिस्ट व्हिसावर करतात, खरी गडबड तिथेच होते.

काम बघितलं तर दोन्हीकडे तेच असतं म्हणून फरक लक्षात येत नाही. माझी मामेबहीण ऐरोलीची, ४६२ वर ऑस्ट्रेलियात केर्न्सला एका हॉस्टेलमध्ये हाउसकीपिंग करते. दहाला चेकआउट झालं की डॉर्ममधल्या सगळ्या चादरी-उशांचे अभ्रे काढायचे, मोबाइलचा टॉर्च मारून गादीची शिवण सगळीकडून बघायची कारण ढेकूण तिथेच बसतात, मग बाथरूम, मग किचन. किचनच्या फ्रिजमध्ये प्रत्येकाच्या पिशवीवर नाव आणि चेकआउटची तारीख लिहिलेली असते, तारीख उलटून गेलेली पिशवी काढायची, चांगलं असेल ते फ्री फूडच्या कप्प्यात ठेवायचं आणि उरलेलं फेकायचं. तिच्या शेजारी एखादा बेडच्या बदल्यात राबणारा मुलगा उभा केला तर तुम्हाला ओळखूही येणार नाही कोण कोण आहे ते. पण हिला दर आठवड्याला पे-स्लिप मिळते, टॅक्स फाइल नंबर आहे, आणि त्याच्याकडे काय असेल, तर मॅनेजरचा एक व्हॉट्सॲप मेसेज.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे समज असा की पैसे घेतले नाहीत म्हणजे ते काम नाहीच, टुरिस्ट व्हिसावर चालतं. बऱ्याच देशांत नाही चालत. न्यूझीलंडमध्ये तर राहणं-जेवण हासुद्धा मोबदलाच धरतात, म्हणजे बेडच्या बदल्यात झाडू मारलात तरी वर्क व्हिसा हवा. ऑस्ट्रेलियात व्हिजिटर व्हिसावर जे काम स्थानिक माणूस पगार घेऊन करेल ते तुम्ही फुकट करू शकत नाही, आणि हॉस्टेलचं रिसेप्शन हे तसंच काम. ब्रिटनमध्ये व्हिजिटरला व्हॉलंटियरिंगची मुभा आहे पण ती नोंदणीकृत चॅरिटीसाठी आणि जास्तीत जास्त ३० दिवस, नफ्यावर चालणारं हॉस्टेल त्यात बसत नाही. थायलंडमध्येही बिनपगारी कामाला वर्क परमिट लागतं. आणि एअरपोर्टवर ऑफिसर फोन बघायला मागू शकतो, त्यात “तुझी शिफ्ट सोमवारपासून, सकाळी आठ” असा मेसेज निघाला तर तिथूनच परत पाठवतील. नंतर बऱ्याच देशांचा व्हिसा फॉर्म भरताना आधी कधी प्रवेश नाकारलाय का हा प्रश्न येतोच, आणि तिथे हो लिहावं लागतं, ते वेगळंच.

पैशाचं बघा. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ पासून किमान वेतन तासाला २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झालं, कॅज्युअल, म्हणजे कायमच्या नोकरीशिवाय लागेल तसं काम करणारे असाल तर त्यावर २५ टक्के जास्त. वीस तासांचे साध्या दराने धरले तरी ४९९ डॉलर होतात. एवढ्या पैशात आठवड्याचा डॉर्म बेड भरून वर खाण्याचे आणि फिरायचे पैसे राहतात. म्हणजे ‘फ्री स्टे’ ज्याला म्हणतात तो तुम्ही पुरेपूर किंमत देऊन घेतलेला असतो, फक्त हिशोब कोणी दाखवत नाही. अर्थात ४६२ वाल्यांनाही कापलं जातंच, पहिल्या डॉलरपासून ४५ हजारांपर्यंत १५ टक्के टॅक्स, आणि सुपर म्हणून जो पेन्शनचा पैसा मालक भरतो तो देश सोडताना मागितला तर त्यातले ६५ टक्के सरकार ठेवतं. ते आधीच माहीत असावं, नाहीतर तो पैसा धरून पुढचे बेत होतात.

पण मला पैशापेक्षा जास्त काळजी वाटते ती काही बिघडलं तर काय याची. वर्तकनगरचा एक मुलगा, आमच्या ओळखीतला, आग्नेय आशियात एका हॉस्टेलवर असाच बेडच्या बदल्यात होता. ठरलेले चार तास हळूहळू सात झाले, त्याने विचारलं तर मॅनेजर म्हणाला नको असेल तर बेड रिकामा कर, आणि रात्री अकराला बॅग उचलून तो बाहेर. पोलिसांकडे जाणार कसा, स्वतःच टुरिस्ट व्हिसावर काम करत होता ना! त्याची आई इथे रात्रभर फोन घेऊन बसली होती. ४६२ वर असतं तर फेअर वर्क ओम्बड्समनकडे, म्हणजे कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते, काम करताना पाठ धरली किंवा हात भाजला तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावरच्या दुखापतीची भरपाई असते. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स असल्या कामाच्या दुखापतीला बहुतेक वेळा हात वर करतो, पॉलिसी वाचून बघा.

मग सगळे ४६२ च का नाही करत? कारण वर्षाला जागा फक्त १०००, आणि पहिल्या वेळी दोन आठवड्यांतच ४० हजारांच्या आसपास अर्ज आले होते. वय १८ ते ३०, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजी कामापुरतं, आणि खात्यात साधारण ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर. बॅलटच्या, म्हणजे सोडतीच्या नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं, फी २५ डॉलर, आणि निवड पूर्ण रँडम. म्हणून वाशी स्टेशनच्या आसपास किंवा ठाण्यात कोणी “आमच्याकडून भरा, नंबर लावून देतो” म्हणाला तर सरळ उठून या, नंबर कोणीच लावू शकत नाही. निवड झाली की व्हिसाची मोठी फी वेगळी भरायची असते. व्हिसा १२ महिन्यांचा, एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येतं. दुसरं वर्ष हवं असेल तर ठरलेल्या भागात तीन महिने ठरलेलं काम करावं लागतं, आणि उत्तर ऑस्ट्रेलियात टूरिझम-हॉस्पिटॅलिटी त्यात बसतं, म्हणून तर बहीण सिडनी सोडून केर्न्सला गेली. इथेही बेडच्या बदल्यात केलेलं काम धरत नाहीत, पगारीच लागतं, तेव्हा पे-स्लिप जपून ठेवायच्या.

ब्रिटनचाही असाच मार्ग आहे, इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम, २०२३ पासून. वर्षाला ३००० जागा, दोन वर्षं राहता येतं, डिग्री हवी आणि २५३० पौंड सलग २८ दिवस खात्यात. बॅलटमध्ये नाव टाकायला पैसे लागत नाहीत, पण तो उघडतो जेमतेम दोन दिवसांसाठी, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं.

व्हॉलंटियरिंग वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, जिथे कायदा परवानगी देतो तिथे जरूर करा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आधी आपल्याच देशात करा, गोकर्ण, मनाली, केरळातलं वर्कला, हॉस्टेलवाले मुलं शोधतच असतात, व्हिसाचा प्रश्नच नाही. महिनाभर तिथे बेड लावले, रात्री दोनला आलेल्या पाहुण्याला चेक-इन दिलं, की हे आपल्याला झेपतं का नाही ते कळतं, वर बाहेर नोकरी मागताना सीव्हीवर लिहायला अनुभव होतो. तोवर पासपोर्टवरचं आणि पॅनवरचं नाव जुळतंय का बघून घ्या. आपल्याकडे एकावर वडिलांचं नाव मधे असतं आणि दुसऱ्यावर नसतं, आणि ती दुरुस्ती ऐन बॅलटच्या आठवड्यात होत नाही.