थंडीत ऊन विकणारं गाव आणि रोझ बाउल

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली रोझ बाउल ही मॅच वर्षानुवर्षं १ जानेवारीला पासाडेनाच्या वेळेनुसार दुपारी दोनला सुरू व्हायची, म्हणजे आपल्याकडे २ तारखेची पहाट, साडेतीन वाजता. मी ती मॅच पहिल्यांदा बघितली तेव्हा खेळाचे नियम मला अर्धेच कळत होते, पण शेवटच्या तासात मागच्या सॅन गॅब्रिएल डोंगरांवर जो गुलाबी प्रकाश पडतो ना, तो बघून झोपच उडाली. नंतर कळलं की या मॅचचं मार्केटिंग सव्वाशे वर्षं त्या प्रकाशाभोवतीच फिरतंय.

एरवी कसं असतं, आधी खेळ असतो, मग गर्दी होते आणि मग जाहिरातवाले येतात. इथे बरोबर उलटं झालंय. पासाडेना हे लॉस एंजेलिसच्या शेजारचं गाव, १८७४ च्या सुमारास इंडियाना राज्यातल्या, तिथल्या हिवाळ्याला कंटाळलेल्या लोकांनी वसवलेलं. मग रेल्वे आली, १८८६ मध्ये रेमंड नावाचं मोठं हॉटेल उघडलं, पूर्वेकडचे श्रीमंत लोक थंडीचे चार महिने इथे येऊन राहायला लागले, जमिनींचे भाव वेड्यासारखे वाढले आणि वर्षा-दोन वर्षांत तसेच कोसळलेही. म्हणजे आता गावाला माणसं खेचून आणायची गरज होती. तिथल्या व्हॅली हंट क्लबमध्ये चार्ल्स होल्डर नावाच्या प्रोफेसरांनी कल्पना मांडली की न्यूयॉर्कमध्ये लोक बर्फात गाडले गेलेत आणि आपल्याकडे गुलाब फुललेत, संत्री लागतायत, तर हे जगाला दाखवूया. १ जानेवारी १८९० ला फुलांनी सजवलेल्या घोडागाड्यांची पहिली मिरवणूक निघाली. आज जे प्रचंड चित्ररथ निघतात, ज्यांच्यावर दिसणारा प्रत्येक इंच फुलं, पानं, बिया अशा नैसर्गिक वस्तूंनी झाकलेला असावा लागतो, त्यांचं मूळ हे. आणि १ तारखेला रविवार आला तर कार्यक्रम २ तारखेला, हा नियम १८९३ पासूनचा, कारण चर्चबाहेर बांधलेले घोडे बिथरायला नकोत!

फुटबॉल आलं ते मिरवणुकीचा खर्च भागवायला. १ जानेवारी १९०२ ला मिशिगन विरुद्ध स्टॅनफर्ड. मिशिगनने त्या सीझनमध्ये एकूण ५५० पॉइंट्स केले होते आणि स्वतःवर एकही होऊ दिला नव्हता, आणि इथेही ४९-० झाल्यावर वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने मैदान सोडलं. इतका एकतर्फी खेळ लोकांना परत कशाला दाखवायचा म्हणून फुटबॉल बंद, त्याऐवजी रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती, शहामृगांच्या शर्यती, एका वर्षी तर हत्ती आणि उंटाचीही. फुटबॉल परत आलं १९१६ ला, वॉशिंग्टन स्टेट विरुद्ध ब्राउन, आणि ज्या उन्हाची एवढी जाहिरात केली ते त्या दिवशी दिसलंच नाही, धो धो पाऊस.

तरी मॅच टिकली आणि जुनं मैदान पुरेना. मग आरोयो सेकोच्या कोरड्या नदीपात्रात १९२२ मध्ये नवं स्टेडियम बांधलं, आर्किटेक्ट मायरन हंट, नमुना येल युनिव्हर्सिटीच्या १९१४ च्या येल बाउलचा. बाउल म्हणजे वाटी, जमिनीत खोलगट बसवलेली वाटी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मिरवणुकीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या हार्लन हॉल यांनी गुलाबाचा ‘रोझ’ आणि येलचा ‘बाउल’ जोडून नाव दिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं मार्केटिंगचं काम हेच, कारण स्टेडियमचं नाव मॅचला चिकटलं आणि मग सीझननंतरच्या अशा सगळ्याच मॅचेसना बाउल म्हणायला लागले, स्टेडियम वाटीसारखं असो नसो. १ जानेवारी १९२३ च्या तिथल्या पहिल्या रोझ बाउल मॅचला पेन स्टेटची टीम ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोचली, इतकी गर्दी उसळली होती.

मग मंदीच्या काळात इतर गावांनीही हाच धडा गिरवला. मायामीचा ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल, एल पासोचा सन बाउल, तिन्ही १९३५ चे, आणि १९३७ मध्ये डॅलसचा कॉटन बाउल. नावंच बघा, आमच्याकडे काय पिकतं आणि हवा कशी आहे तेच सांगतायत.

मॅच रेडिओवर देशभर गेली १९२७ ला, टीव्हीवर देशभर १९५२ ला. पण जाहिरातीच्या दृष्टीने मला १९४७ जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षापासून बिग टेन विरुद्ध पश्चिम किनाऱ्यावरची टीम असं करारानं ठरून गेलं, आणि बिग टेन म्हणजे तेव्हा मिशिगन, ओहायो, इलिनॉय असल्या बर्फाळ राज्यांतल्या कॉलेजांचा गट. त्यामुळे दरवर्षी लाखो लोक हीटरजवळ बसून आपल्या टीमला शर्टाच्या बाह्या वर करून बसलेल्या प्रेक्षकांसमोर खेळताना बघणार. १९७३ ला स्टेडियममध्ये १,०६,८६९ माणसं होती.

स्पॉन्सरच्या बाबतीत इथले लोक हट्टी राहिले आणि बरं झालं. १९९० च्या दशकापर्यंत बाकीच्या बाउल्सच्या नावापुढे कंपन्यांची नावं लागली होती, इथे मात्र नाव आधी आणि कंपनी मागून, ‘रोझ बाउल, अमुक यांच्यातर्फे’. एटी अँड टी, सिटी, व्हिझिओ, प्रुडेन्शियल, कंपन्या बदलत गेल्या, नाव तसंच राहिलं. १९८७ मध्ये स्टेडियमला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आपल्यापैकी पुष्कळांनी ते न ओळखता बघितलंय खरं तर, १९९४ च्या सॉकरच्या, म्हणजे आपण फुटबॉल म्हणतो त्या खेळाच्या, वर्ल्ड कपच्या फायनलला इटलीच्या बाजिओची पेनल्टी गोलपोस्टवरून गेली ती इथेच.

मॅच पासाडेनाच्या बाहेर गेली फक्त दोनदा. पर्ल हार्बरनंतर १९४२ ला नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक युनिव्हर्सिटीच्या मैदानावर, तेही पावसात. आणि कोविडमुळे प्रेक्षकांना परवानगी नव्हती म्हणून २०२१ ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला, आणि तेव्हा नुसतं नाव तिकडे वापरायचं तरी पासाडेना शहराबरोबर करार करावा लागला. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, कॉलेज फुटबॉलचा प्लेऑफ, म्हणजे देशाचा चॅम्पियन ठरवणारी शेवटची स्पर्धा, बारा टीम्सचा करायची बोलणी चालू होती, सगळे तयार झाले आणि रोझ बाउलवाले शेवटपर्यंत अडून बसले. पैशासाठी नव्हे तर १ जानेवारीच्या त्या दुपारच्या वेळेसाठी, कारण ती वेळ गेली की टीव्हीवर संध्याकाळचे डोंगर दिसणार नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी होकार दिला, वेळेची कायमची हमी न मिळता.