रोजगार हमीचे काम मागताना: पात्रता, कागदपत्रे आणि पोचपावती

कामाचा हक्क भारतीय संविधानात अनुच्छेद 41 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यामुळे केवळ काम मिळत नाही म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही. शिक्षणही पूर्वी याच भागात होते आणि 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने ते मूलभूत हक्क झाले. कामाच्या बाबतीतही तसेच व्हावे, असे माझे ठाम मत आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने 1977 मध्ये कायद्याचे रूप दिले, 2005 मध्ये केंद्राचा कायदा (मनरेगा) आला; परंतु अशी हमी संसदेला साध्या बहुमताने बदलता येते. डिसेंबर 2025 मध्ये मंजूर झालेल्या नव्या केंद्रीय कायद्याने कुटुंबामागे वर्षाला हमीच्या कामाचे दिवस 100 वरून 125 केले, मात्र पेरणी-कापणीच्या काळात एकूण 60 दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची तरतूदही केली.

2005 च्या कायद्याने घालून दिलेली पद्धत अशी आहे. ग्रामीण भागात राहणाऱ्या आणि अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या कुटुंबातील 18 वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती पात्र असते. दारिद्र्यरेषेची अट नाही. ग्रामपंचायतीकडे नोंदणीचा अर्ज करताना प्रौढ सदस्यांची नावे व वये, छायाचित्रे, आधार आणि बँक किंवा टपाल खात्याच्या पासबुकाची प्रत द्यावी. जॉबकार्ड, म्हणजे कुटुंबाच्या नोंदणीचे कार्ड, 15 दिवसांत आणि विनामूल्य मिळायला हवे.

जॉबकार्ड मिळाले म्हणजे काम मिळाले, हा समज अनेकांचे नुकसान करतो. कामाची मागणी वेगळ्या अर्जाने, नमुना 4 मध्ये, ग्रामरोजगार सेवकाकडे (गावात या योजनेचे काम पाहणाऱ्याकडे) करावी लागते आणि त्याची तारखेसह पोचपावती घ्यावीच लागते, कारण 15 दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. मुदतीत काम न मिळाल्यास पहिल्या 30 दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा बेरोजगार भत्ता देय होतो. पोच नसेल तर मागणी केल्याचा पुरावाच उरत नाही.

नव्या कायद्याच्या अंमलबजावणीत नमुने व तपशील बदलू शकतात, म्हणून अर्जापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. पोच नाकारली गेल्यास किंवा भत्ता न मिळाल्यास तहसीलदारांकडे लेखी तक्रार करावी व तिचीही पोच घ्यावी.